मस्कतचा रुग्ण आणि रहाटणीची खोली

प्रति,
व्यवस्थापन,
आदित्य बिर्ला मेमोरियल रुग्णालय, थेरगाव.



आमच्या भागात आपल्या रुग्णालयाला नुसते ‘बिर्ला’ म्हणतात. रिक्षावाल्याला तेवढे पुरते. २००६ साली ते पवनेकाठी सुरू झाले, तेव्हा शेजारच्या रहाटणीत मोकळी जमीन बरीच होती. आता नखाते वस्तीपासून शिवार चौकापर्यंत इमारतीला इमारत लागली आहे आणि त्यातल्या एका इमारतीत माझा एक फ्लॅट भाड्याने जातो. हे पत्र त्या फ्लॅटच्या निमित्ताने.

परदेशातून उपचारासाठी येणाऱ्यांकडे पुण्यातल्या सगळ्याच मोठ्या रुग्णालयांचे लक्ष आहे, आपलेही असणार. त्यात वावगे काही नाही. आपल्या पट्ट्यात परदेशी रुग्ण तसा नवा नाहीच. फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने २००९ पासून चाकणला आहेत, तळेगावला ह्युंदाई आली. तिथे कामाला आलेला जर्मन किंवा कोरियन साहेब आजारी पडला तर त्याला पत्ता माहीत असतो, बिल विमा कंपनी भरते आणि डिस्चार्जनंतर तो वाकडच्या आपल्या घरी जातो. त्याची चिंता कुणाला करावी लागत नाही.

मस्कतहून किंवा नैरोबीहून खास ऑपरेशनसाठी येणाऱ्याचे तसे नसते. तो आधी रिपोर्ट पाठवतो, डॉक्टरांचे मत आणि खर्चाचा अंदाज मागवतो, रुग्णालयाचे पत्र जोडून ई-मेडिकल व्हिसा काढतो. त्याच्याबरोबर सेवेसाठी दोघांना व्हिसा मिळतो. इथवरची वाट आपल्या लोकांना पाठ असेल. माझा प्रश्न डिस्चार्जनंतरचा आहे. टाके निघेपर्यंत, पुढच्या तपासणीपर्यंत हे तिघे राहणार कुठे? हॉटेल महिनाभर परवडत नाही. मग दलाल त्यांना रहाटणीत, काळेवाडीत घेऊन येतो.

परदेशी माणसाला घरात ठेवले की घरमालकाला चोवीस तासांच्या आत त्याच्या नोंदीचा, ‘फॉर्म सी’ म्हणून ओळखला जाणारा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. हे किती घरमालकांना ठाऊक आहे? सोसायटीच्या सचिवांना विचारा, ते भाडेकरूची पोलीस पडताळणी सांगतील, पुढचे नाही. माहिती नसली की माणूस सोपा मार्ग धरतो, म्हणजे सरळ नकार देतो. आणि जो नकार देत नाही तो दुप्पट भाडे घेतो. ऑपरेशन झालेला माणूस बाहेर टॅक्सीत बसलेला आणि आत कमिटीची बैठक, अशी वेळ कुणावर येऊ नये. रुग्णालयात दाखल असेपर्यंत त्याची नोंद आपण करता. तो फाटकाबाहेर पडला की ती जबाबदारी अलगद आमच्या अंगावर येते. आपण तपासून घेतलेल्या घरांची यादी, ठरलेले भाडे, फॉर्म भरून देणारा एक माणूस, एवढे झाले तरी दलालाचे निम्मे काम संपेल.

दलालाबद्दल आणखी थोडे. परदेशी रुग्ण बहुधा मध्यस्थामार्फत येतो आणि त्याचे कमिशन शेवटी रुग्णाच्याच बिलात चढते. ही आपल्याकडच्या कट प्रॅक्टिसचीच सख्खी बहीण. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी २०१३ मध्ये असा कमिशनचा चेक परत करून तक्रार केली होती. २०१७ साली राज्याने कटविरोधी कायद्याचा मसुदाही केला, पण कायदा काही आला नाही. कायद्याची वाट न पाहता आपण मध्यस्थाची रक्कम बिलावर वेगळी दाखवू शकता.

परदेशी रुग्णांवर वाढलेल्या रुग्णालयाचे नाव निघाले की बँकॉकच्या बमरुनग्राडचे उदाहरण दिले जाते. १९९७ मध्ये थायलंडचे चलन कोसळले, देशी गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा झाला आणि नवी इमारत भरायला ते रुग्णालय परदेशाकडे वळले. २००२ मध्ये त्याला जेसीआय हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. त्याच वर्षी थायलंडने तीस बाथमध्ये उपचार देणारी योजना देशभर कायद्याने पक्की केली, हा भाग मात्र आपल्याकडच्या परिषदांतून गळतो.

आपल्या राज्यातले उदाहरण कडू आहे. २०१७ मध्ये सुमारे पाचशे किलो वजनाची म्हणून जगभर गाजलेली इजिप्तची इमान अहमद मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली. मालवाहू विमान, क्रेन, तिच्यासाठी बांधलेली खोली, सगळे टीव्हीवर दिसले. उपचार मोफत होते, लोकांनी देणग्या दिल्या. एप्रिलमध्ये बहिणीने वजन घटल्याच्या दाव्यांवर जाहीर शंका घेतली, रुग्णालयाने ती फेटाळली. मे महिन्यात इमानला अबूधाबीला हलवले आणि सप्टेंबरात ती तिथेच वारली. खरे कोण, हे ठरवण्याचा मला अधिकार नाही. पण काय होईल, काय होणार नाही आणि आमचे काम कुठे संपेल, हे नातेवाइकांच्या भाषेत आधीच लिहून द्यायला हवे, एवढे त्यातून दिसते. कॅमेरे त्यानंतर बोलवावेत.

भाषेवरून आठवले. मोठी रुग्णालये अरबी दुभाषा ठेवतात, ठेवावाच. पण चाकणच्या कारखान्यात हात सापडलेला ओडिशाचा कंत्राटी कामगार येतो तेव्हा ओडिया बोलणारे कोण असते? संमतिपत्रावर मुकादम त्याला सही करायला सांगतो आणि तो करतो. मस्कतच्या माणसाला विमानाचे तिकीट काढण्याआधी लेखी एस्टिमेट मिळते. जिंतूरहून आलेल्या बाईला डिपॉझिटचा आकडा आधी कळतो, बाकीचा हिशेब नंतर. दरफलक आणि रुग्णहक्कांची सनद लावण्याचा नियम राज्याने २०२१ मध्येच केला आहे. मला त्यापुढचे हवे आहे. परदेशी रुग्णासाठी जो कक्ष चालतो त्याच कक्षात, त्याच खुर्चीवर, जिंतूरची बाईही बसावी. तिला तेच एस्टिमेट मिळावे, घरी गेल्यावर डॉक्टरांशी तसेच फोनवर बोलता यावे. खर्च वाढेल, मान्य. परदेशी रुग्णाकडून येणारा पैसा त्यासाठी नाही तर कशासाठी?

घरांच्या यादीपासून सुरुवात करायची असेल तर रहाटणी, काळेवाडीच्या सोसायट्यांचे सचिव एका रविवारी एकत्र बोलवता येतील. आपण फक्त फॉर्म सी समजावणारा माणूस पाठवा. हॉल गणेश मंडळाकडून मिळवतो, चहाचे मी बघतो. तारीख मात्र नवरात्राआधीची द्या. नंतर कुणी हाती लागत नाही.

कळावे.

आपला,
रहाटणीतील एक घरमालक