बोलक्या भिंती आणि न वाचणारी मुले

वर्धा जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत मागच्या वर्षी जाणे झाले. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. दोष एका गावाचा किंवा एका गुरुजींचा नाही. भिंतींवर बाराखडी, पाढे, ग्रहमाला, सुविचार असे सगळे रंगवलेले होते. शिक्षण खात्याच्या भाषेत या 'बोलक्या भिंती'. गुरुजी मोबाईलवर कसली तरी माहिती भरत होते. ती दुपारपर्यंत वर पाठवायची होती.

चौथीतल्या एका मुलीला मी भिंतीवरचा सुविचार वाचायला सांगितला. तिने तो घडाघडा म्हटला. मग त्यातलेच शब्द क्रम बदलून वहीत लिहून दिले. ती गप्प झाली. भिंत तिला पाठ होती, वाचता येत नव्हते. डबा घेऊन आलेली तिची अम्मी दारातच उभी होती. तिने विचारले, "बरोबर शिकते ना हो पोरगी?" मला उत्तर देता आले नाही.

त्या माउलीचा प्रश्न हाच शिक्षणाचा खरा प्रश्न आहे आणि तो सोडून बाकी सगळ्या गोष्टींची मोजणी आपल्याकडे चालते, असे माझे म्हणणे आहे.

याच वर्ध्यात 22 व 23 ऑक्टोबर 1937ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि हस्तोद्योगाच्या आधाराने, असा विचार तिथे मांडला गेला. योजनेचा आराखडा करण्यासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन. विनोबा आणि काका कालेलकर त्या समितीत होते. के. जी. सैय्यदैनही होते. देशाच्या प्राथमिक शिक्षणाचा नकाशा आपल्या जिल्ह्यात एका मुस्लीम शिक्षणतज्ज्ञाच्या नेतृत्वाखाली आखला गेला, हे आज वर्ध्यातल्या किती मुस्लीम मुलांना ठाऊक आहे?

त्या अहवालातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघावा, असा गांधीजींचा आग्रह होता. झाकिर हुसेन समितीने योजना स्वीकारली, पण धोकाही स्पष्ट नोंदवला. आर्थिक बाजूवर जोर आला तर शिक्षणाचा मूळ हेतू मागे पडेल आणि शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याच्या मागे लागतील, असा तो इशारा होता. जे मोजले जाईल तेच शाळेचे ध्येय होऊन बसेल, ही त्यामागची भीती.

आज टकळी गेली, पण भीती खरी ठरली. सुताच्या जागी आता माहिती आली. महाराष्ट्रात 22 जून 2015ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासननिर्णय निघाला. प्रत्येक मूल शिकले पाहिजे, हे त्याचे ध्येय चांगलेच होते. 2021मध्ये केंद्राचे 'निपुण भारत' आले. 2026-27पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, साधे गणित यावे, हे त्याचे उद्दिष्ट. यालाही विरोध करण्याचे कारण नाही. पण ध्येय खाली येता येता त्याचा तक्ता होतो. शाळेकडून केंद्रप्रमुखाकडे, तिथून गटशिक्षणाधिकाऱ्याकडे आणि मग जिल्ह्याला आकडा जातो. कमी आकडा पाठवणाऱ्याला नोटीस आणि चांगला पाठवणाऱ्याला शाबासकी मिळत असेल, तर आकडे सुधारणारच. मुले सुधारतील याची खात्री काय?

'मास्तर फुकटचा पगार खातात' म्हणणाऱ्यांनाही मी सामील नाही. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम 27 सांगते. मग एकाच शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग देऊन वर माहितीचा रतीब कोण लावते? त्याच कायद्याचे कलम 24 प्रत्येक मुलाची शिकण्याची पातळी तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवण्याचे कर्तव्य शिक्षकावर टाकते. त्यासाठी त्याला वेळ तर द्या! उलट 2023मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचा घाट घातला गेला. गावातली शाळा लांब गेली की आधी मुलीचे दप्तर खुंटीला लागते, हे मंत्रालयात कोणी सांगायचे?

उपाय महागडे नाहीत. 'प्रथम' संस्थेच्या पद्धतीचा प्रयोग हरियाणाच्या सरकारी शाळांत 2012-13मध्ये झाला. रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून मुलांचे पातळीप्रमाणे गट केले. अक्षर ओळखणारी एका गटात, शब्द वाचणारी दुसऱ्या गटात. शिकवणारे तिथलेच सरकारी शिक्षक होते आणि खात्याचे पर्यवेक्षक वर्गात जाऊन पाठबळ देत होते. मुलांचे हिंदी वाचन सुधारले. वर्धा जिल्हा परिषदेने आठही तालुक्यांत हा एक तास पक्का करावा आणि त्या तासात शिक्षकाला कोणीही माहिती मागू नये. केंद्रप्रमुखाने नोंदवही पाहण्याऐवजी पाच मुलांना वाचायला लावावे. सापडलेल्या कमीबद्दल शिक्षकाला शिक्षा नको, मदत द्यावी. खरे सांगणाऱ्याला दंड झाला की दुसऱ्या दिवसापासून सगळेच खोटे सांगतात.

आता थोडे आपल्या घरातले. 1938च्या सुमारास मध्य प्रांतात 'विद्यामंदिर' योजना आली, तेव्हा मुस्लिमांनी त्या नावाला मोठा विरोध केला. हरकत निराधार होती असे मी म्हणणार नाही, सरकारी शाळा सगळ्यांना आपली वाटली पाहिजे. पण नावाच्या भांडणात आत काय शिकवले जाते, हा प्रश्न हरवला. आजही आपली बहस उर्दू की मराठी की इंग्रजी, इथेच अडते. ज्या मुलाला चौथीत एकाही लिपीत नीट वाचता येत नाही, त्याच्यासाठी ही बहस कसली? ऐपत असलेले टाय-बुटाच्या शाळेकडे पळाले. मजुराची, फळवाल्याची, भंगारवाल्याची मुले मागे राहिली आणि त्यांच्या बाजूने बोलणारे कोणी उरले नाही.

कायद्याने मात्र बोलण्याची जागा ठेवली आहे. कलम 21प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, विकास आराखडा करणे, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे, हे या समितीचे अधिकार आहेत. मोर्चा किंवा निवेदनाची गरज नाही. जुम्याच्या नमाजनंतर चौकात राजकारण झोडणाऱ्या आपल्यापैकी किती जण या बैठकीला गेले? किती घरांनी अम्मीला तिथे पाठवले?

पुढच्या बैठकीत कोऱ्या कागदावर चार नवी वाक्ये लिहून न्या आणि मुलाला सर्वांसमोर वाचायला सांगा. लाजवण्यासाठी नव्हे. आधी आपल्याच मुलापासून सुरुवात करा. अडखळले, तर तिथेच विचारा, "याच्यासाठी उद्यापासून काय करणार?" उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि महिन्याने पुन्हा जा.

त्या मुलीच्या अम्मीने हे मला विचारले. मी कोण? तिला तो प्रश्न जिथे विचारण्याचा हक्क आहे, त्या खुर्चीपर्यंत तिला नेणे हे आपले काम आहे.