जिभेवरचे पांढरे चट्टे

घाटनांदूरच्या एका भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. शौहरच्या जिभेवर सहा महिन्यांत तिसऱ्यांदा पांढरे चट्टे आले. औषधाने जातात, पुन्हा येतात. सासूबाई म्हणतात, उष्णता आहे, टाकणखार मधात कालवून लावा. डॉक्टरांनी दोन तपासण्या लिहून दिल्या, साखर आणि एचआयव्ही. दुसरे नाव वाचून शौहरने चिठ्ठी खिशात घातली, ती अजून तिथेच आहे.

भगिनी, ती चिठ्ठी बाहेर काढायला सांगा.

हे चट्टे बहुधा कँडिडा नावाच्या बुरशीचे असतात. ही बुरशी आपल्यापैकी अनेकांच्या तोंडात एरवीही असते. शरीराची ताकद तिला वाढू देत नाही. अँटिबायोटिकचा लांबलेला कोर्स, दम्याचा पंप घेऊन चूळ न भरणे, रात्रीही न काढलेली कवळी, अशा कारणांनी ती वाढते. तान्ह्या बाळालाही होते. (बाळाच्या तोंडाला टाकणखार कधीच लावू नका, ते विष आहे, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नको.) ओल्या फडक्याने हा थर बहुधा निघतो, खाली लाल दिसते. तंबाखू-गुटखा खाणाऱ्याचा चट्टा पुसूनही निघत नसेल तर गोष्ट वेगळी, कर्करोगाच्या शंकेने तो लगेच दाखवावा.

पण थर पुन्हा पुन्हा येतो तेव्हा ताकद का कमी झाली हे शोधावे लागते. पुष्कळदा मधुमेह निघतो. एचआयव्हीचीही शंका डॉक्टर उगाच घेत नाहीत. 1981 साली अमेरिकेत या आजाराचे जे पहिले पाच रुग्ण नोंदले गेले, त्या पाचही जणांना कँडिडाचा संसर्ग होता.

तपासणी लिहिली म्हणजे कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवले, असे नाही. दूषित सुईनेही हा आजार होतो. एका ताटात जेवल्याने होत नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात ही तपासणी मोफत होते, आधी समुपदेशक बोलतात. 2017 च्या कायद्याने संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. निकाल काहीही आला तरी इलाज आहे. सरकारी एआरटीची औषधे 2004 पासून मोफत मिळतात, आणि ती नियमित घेणारी माणसे संसार करतात, कामावर जातात.

साखरेची तपासणी उपाशीपोटी असते, म्हणून सकाळीच निघा. जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या सोबत घ्या. एचआयव्हीचा निकाल पॉझिटिव्ह आला तर तुमचीही तपासणी करावी लागेल, तेव्हा तुम्हीही सोबत जा. तोवर मिस्वाक जरूर करा, पण थर खरवडू नका. आणि घास गिळताना छातीत दुखू लागले, तर आठवडी बाजाराचा दिवस असला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.