रोजा रुग्णाचा, काळजी घराची

मधुमेहाच्या रुग्णाला दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर लिहिलेले असते, ‘सकाळी नाश्त्यानंतर, रात्री जेवणानंतर.’ रमजानमध्ये हा कागद अनेक घरांत निरुपयोगी ठरतो. पहाटे सहेरी आणि त्यानंतरचा घास थेट इफ्तारला; मग गोळी कधी घ्यायची? सिस्टरने रोज्याविषयी विचारलेले नसते आणि त्या रागावतील म्हणून रुग्णानेही सांगितलेले नसते. खरा धोका या न बोलण्यात आहे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. २००१ मध्ये १३ देशांत झालेल्या ‘एपिडायर’ पाहणीत टाइप-२ मधुमेहाच्या सुमारे ७९ टक्के रुग्णांनी किमान १५ रोजे धरल्याचे दिसले. रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रमाणही त्या महिन्यात कित्येक पटींनी वाढले होते. म्हणजे ‘रोजे धरू नका’ एवढे सांगून भागत नाही.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी तपासणी व्हावी, प्रत्येकाचा धोका वेगळा मोजावा आणि औषधांच्या वेळा व मात्रा डॉक्टरांनी ठरवाव्यात. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा तत्काळ सोडावा. बोटातून रक्ताचा थेंब काढून तपासल्याने रोजा तुटत नाही, असेच बहुतेक उलेमांचे मत आहे. आजाऱ्याला कुरआनने सवलत दिली आहे. सुटलेले रोजे नंतर धरता येतात आणि तेही शक्य नसेल, तर फिदिया देता येतो.

परंतु हे एकट्या रुग्णाला सांगून उपयोग काय? सहेरीला उठवणारी सून, इफ्तारला तळलेल्या भज्यांचे ताट आणि सरबत पुढे ठेवणारी पत्नी, तरावीहला सोबत जाणारा मुलगा यांनाही ते कळायला हवे. दुपारी अब्बांना घाम फुटला, हात थरथरू लागले, तर हा अशक्तपणा नसून साखर उतरल्याची खूण असू शकते, हे घरातल्यांनीच ओळखायचे असते. ‘अब्बा, रोजा सोडा, यात गुनाह नाही’ हे शब्दही मुलाच्या तोंडून जास्त पटतात.

निर्जळी एकादशी करणारी आजी किंवा पर्युषणात उपवास धरणारे जैन आजोबा यांचीही गोष्ट वेगळी नाही. तेही डॉक्टरांपासून उपवास लपवतात. म्हणून परिचारिकेने औषध समजावताना दोन प्रश्न जरूर विचारावेत: ‘उपवास, रोजा धरता का?’ आणि ‘घरी स्वयंपाक कोण करतं?’ त्या व्यक्तीलाही शेजारी बसवून सांगावे. यासाठी नवे यंत्र लागत नाही, पाच मिनिटे लागतात. रुग्णांच्या गर्दीत तेवढी सवड परिचारिकांना मिळेल, हे मात्र रुग्णालयांनी पाहायला हवे.