कोण लागतो?

नगरजवळच्या नागापूरच्या जुन्या गावठाणात, सीनेच्या पुलापासून फारशा दूर नसलेल्या एका घरी माझे अधूनमधून जाणे असते. घराच्या मालकीणबाईंनी सत्तरी ओलांडली आहे. मनमाड रस्त्यालगत औद्योगिक वसाहत वाढली आणि विदर्भ-मराठवाड्यातून मुले कारखान्यांत कामाला येऊ लागली, तेव्हापासून मागील दारच्या दोन खोल्या त्या भाड्याने देत आल्या आहेत. एका दुपारी मी ओसरीवर बसलो असता बीड जिल्ह्यातील एक तरुण खोली मागावयास आला आणि ज्याच्या ओळखीने तो आला होता, त्याचे नाव त्याने सांगितले. बाईंनी विचारले, "तो तुझा कोण लागतो?" मुलगा म्हणाला, "लागत काही नाही, मावशी. कंपनीत आमचं कनेक्शन आहे." बाई क्षणभर थबकल्या आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाल्या, "कनेक्शन असू दे बाबा, पण मीटर कुणाच्या नावावर?"

त्या प्रश्नात थट्टेचा लवलेशही नव्हता. बाईंच्या आयुष्यात हा इंग्रजी शब्द विजेच्या तारेबरोबर आला, मग नळाबरोबर आणि गॅसच्या टाकीबरोबर आला, आणि दर खेपेस त्याच्या मागोमाग अर्ज, कोटेशन, अनामत रक्कम आणि दप्तरी नोंदलेले एक नाव हा सारा लवाजमा आला. कनेक्शन कोणीतरी देते, कोणाच्या तरी नावाने देते आणि बिल थकले म्हणजे कोणीतरी येऊन ते कट करते, एवढा त्या शब्दाचा अर्थ त्यांना अनुभवाने पक्का ठाऊक आहे. म्हणूनच दोन माणसांमध्ये कनेक्शन आहे म्हटल्यावर त्यांनी जो प्रश्न केला तो मला कोशकाराला शोभेल इतका नेमका वाटला.

मूळ इंग्रजी शब्द मात्र इतका कोरडा नव्हे. लॅटिन भाषेतील 'एकत्र बांधणे' या अर्थाच्या क्रियापदापासून तो निघाला आणि एकोणिसाव्या शतकातील इंग्रजांच्या घरांत तो चक्क सोयरिकीचा शब्द होता. १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीत नायकाला नायिकेविषयी जी अडचण वाटते, ती तिच्या 'कनेक्शन्स'ची, म्हणजे तिचे आप्त हलक्या प्रतीचे असल्याची. रक्ताचे ते 'रिलेशन्स' आणि विवाहाने जोडले गेलेले ते 'कनेक्शन्स' असाही भेद तेथे केला जाई. आपल्या 'सगेसोयरे' या जोडशब्दात तोच भेद किती सहजतेने सामावला आहे! या शब्दाला पुढे केवढे महत्त्व येणार होते पाहा : २०२४ च्या जानेवारीत जातीच्या दाखल्यांसंबंधी शासनाने अधिसूचनेचा जो मसुदा काढला, त्यात 'सगेसोयरे' कोणास म्हणावे याची व्याख्याच करावी लागली.

परंतु मला ज्या शब्दाविषयी विशेष ममत्व वाटते तो बाईंच्या प्रश्नातला, 'लागतो' हा होय. संस्कृतात 'लग्' म्हणजे चिकटणे, संग होणे, आणि त्याचे भूतकाळवाचक रूप 'लग्न', म्हणजे चिकटलेले, जडलेले. ज्योतिषांनी ते पूर्वक्षितिजाला ज्या वेळी जी राशी टेकलेली असेल तिला लावले. मग शुभ लग्न साधून विवाह करावयाचा म्हणून पाण्यात घटिकापात्र सोडून चोवीस चोवीस मिनिटांच्या घटका मोजल्या जाऊ लागल्या. आणि अखेरीस आकाश आणि पृथ्वी यांच्या क्षणभराच्या स्पर्शाचे ते नाव दोन माणसांच्या जन्मभराच्या सहवासाला मिळाले. महाविद्यालय विद्यापीठाशी 'संलग्न' असते, तेही याच धातूच्या पुण्याईने.

मराठीने हा धातू आपल्या मातीत किती खोल रुजवला आहे! रोप लागते, झाडाला फळ लागते, लेकराला लळा लागतो, दिवेलागण होते, आणि विहीर खणता खणता एके दिवशी पाणी लागते. शेवटचा प्रयोग ज्याला नगर जिल्ह्यात समजावून सांगावा लागेल असा माणूस विरळा. नगर शहराला आज मुळा धरणाचे पाणी विळदमार्गे येते. त्याहून कितीतरी आधी निजामशाहीत कापूरवाडीच्या बाजूचे पाणी खापरी नळांनी शहरात खेळवले होते. आणि या दोन्ही व्यवस्थांचे मोल मी कमी मानीत नाही, कारण तहानलेल्या माणसाला व्याकरण पुरत नाही. तथापि नळाचे पाणी 'मिळते', विहिरीला ते 'लागते'. पहिल्यात देणारा आहे आणि त्याच्या हाती तोटी आहे. दुसऱ्यात देणारा दिसतच नाही. 'हा माझा मामा लागतो' या वाक्यातही कोणी कोणाला काही दिलेले नाही, कोणाची मंजुरी नाही, आणि म्हणून ते नाते कट करण्याचा अखत्यारही कोणत्या अंमलदाराकडे नाही.

'कनेक्शन' हा शब्द परका आहे म्हणून मी त्याला हरकत घेत नाही. ज्या माधव जूलियनांनी १९२५ साली फारशी-मराठी कोश सिद्ध केला, त्यांनीच पुढे भाषाशुद्धीचा पुरस्कार केला. पण अर्ज, दाखला, दप्तर, वारसा, रुजू यांवाचून माझे एक पानही पुरे होत नाही. शासनाने 'वीजजोडणी', 'नळजोडणी' हे शब्द रूढ केले, ते चांगले आहेत, चालतातही. बोलताना लोक कनेक्शन म्हणतात, त्यांनी म्हणावे. तारेवर चोरून टाकलेल्या जोडणीला तर लोकांनी आपला स्वतःचा 'आकडा' हा शब्द घडवला, आणि त्याच्या इतका अचूक शब्द कोणत्याही परिभाषा समितीला सुचला नसता. 'वर त्याचं कनेक्शन आहे' असे म्हटल्यानेही मी व्यथित होत नाही, कारण तेथे खरोखरच वशिल्याची गोष्ट चाललेली असते, आणि वशिला देणाऱ्याच्या हाती तोटी असतेच. मला क्लेश होतात ते निराळ्या ठिकाणी. मुलगा वडिलांविषयी बोलताना 'त्यांच्याशी कनेक्ट होता येत नाही' असे म्हणतो, तेव्हा त्याच्या मनातले दुःख खरे असते. परंतु त्या दुःखाला त्याने जो शब्द दिला, त्यात वायर आणि खांब तेवढे दिसतात. लळा, जिव्हाळा, मन जुळणे, जीव लागणे यांपैकी काय हरपले आहे हे त्याचे त्यालाही त्या शब्दाने कळत नाही, आणि ज्याचे नाव ठाऊक नाही ते शोधावे कोठे?

तो बीडचा मुलगा त्या घरी चार वर्षे राहिला. बाईंच्या आजारपणात रात्री-अपरात्री औषधे आणणे, पावसाळ्याआधी पत्रे शाकारणे, दिवाळीला गावाहून येताना बाजरीचे पीठ घेऊन येणे, हे सारे भाडेचिठ्ठीत कोठेही लिहिलेले नव्हते. गेल्या फाल्गुनात तो आईवडिलांसह लग्नपत्रिका घेऊन आला. वडिलांनी पत्रिकेवर हळदकुंकू वाहून ती बाईंच्या हाती दिली आणि म्हणाले, "ही सांगत होता तीच मावशी का तुझी?" बाईंनी चष्मा लावून पत्रिका डोळ्यांजवळ धरली, मुहूर्ताची वेळ दोनदा वाचली आणि मला विचारले, तारकपूरच्या स्टँडवरून बीडची पहिली गाडी किती वाजता सुटते.