कळून करायचंय काय?

हल्ली आपल्याला सगळं कळायला हवं असतं. दिवसभरात किती पावलं चाललो, रात्री गाढ झोप किती लागली, व्हिटॅमिन डी कुठवर घसरलं... आता तर डबीत थुंकी पाठवायची आणि घरबसल्या आपल्या जीन्सची पत्रिका मागवायची! 'माहीत असलेलं बरं ना!' हे आपलं लाडकं वाक्य. माझंही. फक्त ते ओठांवर आलं की मला नॅन्सी वेक्सलर आठवते.

१९६८ साल, लॉस एंजेलिस. नॅन्सीची आई सकाळी कोर्टात ज्युरीच्या कामाला निघाली होती. रस्ता ओलांडताना पोलिसाने हटकलं, इतक्या सकाळी प्यायलात? बाई प्यायल्या नव्हत्याच. तोल जात होता तो हंटिंग्टन्स डिसीजमुळे. यात मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत जातात. हातपाय आपोआप हलायला लागतात, स्वभाव बदलतो, विचार करणंही जमेनासं होतं. त्यांचे वडील आणि तिन्ही भाऊ याच आजाराचे बळी.

आई किंवा वडिलांना हा आजार असेल, तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता ५० टक्के. सरळ छापा-काटा! लक्षणं मात्र बहुधा तिशी ते पन्नाशीत दिसतात. म्हणजे करिअर, लग्न, मुलं, सगळं मार्गी लागत असताना. २३ वर्षांची नॅन्सी आणि तिची बहीण अ‍ॅलिस, दोघींनी तेव्हाच ठरवलं, आपल्याला मुलं नकोत.

वडील मिल्टन मनोविश्लेषक. त्यांनी रडत न बसता त्याच वर्षी संशोधनासाठी फाउंडेशन उभं केलं. नॅन्सीने पीएचडी केली ती मानसशास्त्रात, जेनेटिक्समध्ये नव्हे! तरीही १९७९ पासून ती व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या गरीब वस्त्यांमध्ये जाऊ लागली. हंटिंग्टन्सचे एवढे पेशंट जगात दुसरीकडे कुठेच एकत्र नव्हते. ही बाई दारोदार फिरून कोण कोणाचं कोण, ते लिहून घ्यायची. वर्षानुवर्षं चाललेल्या या कामातून १८,००० हून जास्त लोकांची वंशावळ तयार झाली आणि ४,००० हून जास्त रक्ताचे नमुने जमले.

लोक सुरुवातीला रक्त द्यायला कचरायचे. मग टीममधल्या नर्सने नॅन्सीचाच दंड धरून सगळ्यांना दाखवला. तिनेही त्वचेचा नमुना दिला होता, त्याचा तो व्रण. ही आपल्यातलीच आहे, हे लोकांना पटलं.

या नमुन्यांच्या जोरावर १९८३ मध्ये खुणेची जागा सापडली, क्रोमोसोम ४ वर. प्रत्यक्ष जीन हाती लागायला मात्र १९९३ उजाडलं. दोष काय, तर डीएनएमधली 'सीएजी' ही तीन अक्षरं अडकलेल्या सीडीसारखी पुन्हा पुन्हा येत राहतात. ४० किंवा त्याहून जास्त वेळा आली, की आयुष्य पुरलं तर आजार जवळपास नक्की.

म्हणजे आता टेस्ट आली. रक्त द्या, उत्तर घ्या. जिने यासाठी आयुष्य वेचलं, ती रांगेत पहिली असणार, असंच कुणालाही वाटेल. पण दोघी बहिणींनी टेस्ट करायची नाही असं ठरवलं!

कारण टेस्ट होती, औषध नव्हतं. आजार बरा करणारं औषध आजही नाही. मग उत्तर 'हो' आलं, तर हातातून चमचा पडला तरी पोटात गोळा यायचा. त्यापेक्षा शंका परवडली. आणि हा काही त्या दोघींचाच विक्षिप्तपणा नाही. ज्यांच्या घरात हा आजार आहे, त्यांच्यापैकी बहुतेक लोक ही टेस्ट करत नाहीत. काही जण करतात. मूल होऊ द्यायचं की नाही हे ठरवायला, किंवा टांगती तलवार सोसवत नाही म्हणून. तेही तितकंच बरोबर. म्हणूनच टेस्टआधी समुपदेशन असतं आणि रक्त दिल्यावरसुद्धा 'रिपोर्ट नको' म्हणायची मुभा असते.

२०२० मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, नॅन्सीने जाहीर केलं की आपल्याला हंटिंग्टन्स आहे. नाण्याची बाजू कळली, पण त्याआधी ती कितीतरी वर्षं सरोवराकाठी फिरली, कोलंबिया विद्यापीठात शिकवलं, मनसोक्त काम केलं.

आता लगेच शुगर-कोलेस्टेरॉलच्या टेस्ट रद्द करू नका हं! तिथे उत्तर कळलं तर पुढे करण्यासारखं खूप आहे. पण डबीत थुंकण्याआधी, जमलंच तर घरच्यांशी बोलून, एक प्रश्न स्वतःला विचाराच. उत्तर आलं, तर सोमवारपासून आपण नेमकं काय वेगळं करणार आहोत?