मामूंच्या टॅक्सीची डिकी

वरळी कोळीवाड्याच्या तोंडाशी, जिथून पुढे गाडी जाऊ शकत नाही, तिथे भिंतीला लागून आमच्या मरहूम मामूंची टॅक्सी उभी होती. काळी-पिवळी, २००१ चं पासिंग. मुंबईकर तिला फियाटच म्हणत आले. कागदावर ती प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. मार्च २०२० च्या अखेरीस करोनामुळे कोळीवाड्याच्या वाटा बंद झाल्या, त्या दिवशी मामूंनी डिकीला चावी लावली. पुढच्या वर्षी टॅक्सीची वीस वर्षं भरली, म्हणजे तिला रस्त्यावर आणायची सोय संपली. त्यानंतर मामूही गेले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत पद्मिनीला निरोप देणारे लेख येत होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती, तिचीही वीस वर्षं आता भरली होती. लोक हळहळत होते. मामीकडे हळहळायला वेळ नव्हता. काचेवर बेवारस वाहनाची नोटीस चिकटली होती, आणि गाडी मोडीत काढायची तर मूळ आरसी पुस्तक लागतं. ते पुस्तक डिकीत होतं. डिकी उघडत नव्हती.

एका एजंटाने सोपा रस्ता सांगितला. "पोलिसांत हरवल्याची नोंद करा, दुसरी प्रत निघते." आम्हालाही ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू. मामी म्हणाली, "हरवलं कुठे? मला माहीत आहे ना ते कुठे आहे. मग 'हरवले' असं लिहून खाली सही कशी करू?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा एका रविवारी आम्ही जुन्या कपड्यांत कोळीवाड्यात हजर झालो.

आमच्या आधी एक भंगारवाला येऊन गेला होता. त्याचं म्हणणं, ग्राइंडर लावतो, पाच मिनिटांत पत्रा कापून देतो. वाचकांपैकी कुणाच्या दारात अशी जुनी टॅक्सी असेल तर हे नीट ऐका. मुंबईच्या टॅक्सीत सीएनजीचा सिलिंडर डिकीतच असतो, पेट्रोलची टाकीही मागच्याच बाजूला. गॅस संपला म्हणून सिलिंडर अगदी रिकामा होत नाही, थोडा आत राहतोच. तिथे ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे गल्लीच्या जिवाशी खेळ. आम्ही आधी गाडीचे चारही दरवाजे तासभर उघडे ठेवले, वास येतो का पाहिलं, बॅटरीची तार सोडवली आणि आसपास कुणी बिडी ओढू नये म्हणून मामीच्या नातीला पहाऱ्यावर बसवलं. तिने ते काम फारच मनावर घेतलं.

आमचं पहिलं कर्तृत्व सांगायला लाज वाटते. चावी अर्धी जाऊन अडत होती, तर आम्ही ती पकडीत धरून पिळली. चावी किंचित वाकली. मामी ओरडली म्हणून तुटली नाही. तुटून आत अडकली असती तर सगळंच संपलं असतं.

तेवढ्यात शेजारचे नाखवा आले. वय सत्तरीच्या पुढे, होडीच्या इंजिनात हात घालण्यात आयुष्य गेलेलं. त्यांनी कुलपाच्या तोंडाला बोट लावून ते जिभेला लावलं आणि म्हणाले, "भाभी, मीठ आहे. समुद्राने बंद केलंय, घाई करून उघडायचं नाही." खाऱ्या वाऱ्याने कुलपाच्या आतल्या बारीक पत्र्या आणि स्प्रिंगा गंजून एकमेकांना धरून बसतात. नाखवांनी गंज सोडवणारं पातळ तेल मागवलं, बारीक नळीने आत सोडलं, स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने कुलपाभोवती हलकं हलकं ठोकलं आणि सरळ घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मधल्या काळात कुणीतरी खोबरेल तेल ओतायला निघालं होतं, त्याला थांबवावं लागलं. खोबरेल थंडीत घट्ट होतं आणि धूळ धरतं.

दुसरी युक्ती मामीची. मामूंची चावी वीस वर्षांच्या वापराने गुळगुळीत झाली होती, तिचे दात नावापुरते उरले होते. मूळ कुलूप केव्हाच खराब झालं होतं; हे दुसरं मामूंनी चोर बाजारातून आणलं होतं. त्याला दोन चाव्या होत्या, एक वापरात आणि एक शिवणयंत्राच्या खणात. वीस वर्षं बॉबिनांबरोबर पडलेली ती चावी जशीच्या तशी होती. चौथ्या दिवशी नाखवांनी ती घातली, न पिळता मागे-पुढे हलवत राहिले, आणि खट् असा आवाज आला. मामीने तोंडाला पदर लावला.

पण झाकण उठेना! कुलूप सुटलं होतं, आता कडेची रबरी पट्टी रंगाला चिकटून बसली होती. आम्ही पहार शोधायला निघालो (आमची खोड जात नाही). नाखवा हसले आणि खिशातून तंगूस काढला, मासेमारीचा नायलॉनचा दोरा. झाकणाच्या फटीत तो सरकवला, एक टोक स्वतः धरलं, दुसरं आमच्या हातात दिलं, आणि करवतीसारखं ओढत आम्ही दोघे गाडीच्या मागच्या अंगाला फिरलो. रबर चरचरत सुटलं. मग एकाने झाकण खाली दाबायचं, दुसऱ्याने चावी धरायची, आणि दाब सोडताच उचलायचं. उघडली.

आरसी पुस्तक स्टेपनीखाली, तीन पिशव्यांत गुंडाळलेलं, कोरडं. बाजूला जॅक, पाना, सिलिंडरवर घडी घातलेली पोत्याची चवड. आणि एका कोपऱ्यात तीन छत्र्या, एक थर्मास, एक शाळेची पाण्याची बाटली आणि वही. गाडीत विसरलेल्या वस्तूंची ती वही होती. तारीख, कुठून बसले, कुठे उतरले. ज्यांना वस्तू परत पोचली त्यांच्यापुढे बरोबरची खूण. पानंच्या पानं खुणांनी भरलेली, मामूंच्या वाकड्या अक्षरात. खूण नसलेल्या पाच ओळी होत्या, डिकीतल्या पाच वस्तूंच्या. त्यांतल्या एका छत्रीपुढे लिहिलं होतं, "हिंदमाता. पाणी भरलेलं. बाई, कडेवर मूल. पैसे घेतले नाहीत."

मामी ती वही बराच वेळ धरून बसली. पुस्तकाकडे तिने पाहिलंही नाही. ते आम्हीच उचलून ठेवलं.

पुढचं सरळ झालं. गाडी कागदोपत्री, रीतीने मोडीत गेली. नाखवांनी कशाचेच पैसे घेतले नाहीत. मामीने दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी शिरखुर्मा पाठवला, ईद नसताना. डबा परत आला तो सुक्या बोंबलांनी भरून.

त्या छत्र्या मामीच्या दारामागे खिळ्याला टांगलेल्या आहेत. पावसात आम्ही गेलो होतो, भिजून. एक मागितली तर मामी म्हणाली, "ती आपली नाही," आणि आम्हाला टॉवेल दिला.