अर्धवट फाइल पुन्हां पहिल्यापासून कां?

आर्णीसारख्या तालुक्याच्या गांवीं संगणकावर मोठी फाइल उतरवून घेणें ही पुष्कळदां धीराची परीक्षा ठरते. मोबाइलच्या डेटाला रोजची मर्यादा, त्यांत पावसाळ्यांत विजेचा लपंडाव! पाऊण फाइल आलेली असतां जोडणी तुटते आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां श्रीगणेशा करावा लागतो. एकत्र कुटुंबांत हा तोटा एकाचा राहत नाहीं. त्याच डेटावर मुलांचा अभ्यास, कर्त्या मंडळींचे व्यवहार आणि आजोबांचें कीर्तनश्रवण चालावयाचें असतें. म्हणून डाऊनलोडची नीट मांडणी हा गृहव्यवस्थेचाच एक भाग आहे, असें आम्ही समजतों.

ज्या घरीं संगणकावर ‘बॉस लिनक्स’ आहे, तेथें अडचण अधिकच. १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें ही प्रणाली २००७ सालीं प्रसिद्ध केली. मराठीची सोय तींत आहे. परंतु वापरणारे थोडे, तेव्हां गांवांत विचारावें कोणास? सुदैवानें ती डेबियनवर आधारलेली असल्यामुळें ‘डब्ल्यूगेट’ हा चिमुकला मदतनीस तिच्यावर चालतो. क्रोएशियाच्या ह्र्वोये निक्शिच यांचें हें साधन १९९६ सालीं बाहेर पडलें. मंद व बेभरंवशाच्या जोडणीवरही त्यानें टिकून काम करावें, अशीच त्याची रचना आहे.

आज्ञेंत ‘-सी’ ही खूण घातली, कीं तो आधीं आलेले बाइट मोजतो आणि तेथून पुढचेच पाठवा, असें सर्व्हरला सांगतो. सर्व्हरनें ‘२०६’ हा अंक उत्तरादाखल दिला म्हणजे विनंती मान्य झाली. सर्व्हरला ही सोय नसेल, तर डब्ल्यूगेट थांबतो. हातचा तुकडा मात्र पुसत नाहीं.

कायमच्या सूचना होम फोल्डरमधील ‘.डब्ल्यूगेटआरसी’ या फाइलींत लिहाव्या. प्रत्यक्षांत हे सर्व शब्द रोमन लिपींतच लिहावयाचे असतात. पहिली ओळ ‘ट्राइज = ०’ : एरवीं २० प्रयत्नांनंतर हार खाणारा हा मदतनीस मग प्रयत्न सोडीत नाहीं. दुसरी ‘रीड_टाइमआउट = ६०’ : मूळची मर्यादा ९०० सेकंदांची असते, म्हणजे मुक्या जोडणीपुढें तो पाव तास तिष्ठत बसतो! तिसरी ‘लिमिट_रेट = २००के’ : दर सेकंदास सुमारें २०० किलोबाइटच घेतल्यानें घरांतील इतरांचें काम अडत नाहीं. ‘कोटा’ नांवाची सूचनाही आहे. पण एकट्या फाइलीस ती लागू होत नसल्यामुळें रोजचा डेटा वाचविण्यासाठीं तिच्यावर विसंबूं नये.

‘-सी’ मात्र या फाइलींत कायमची घालूं नये, ती प्रसंगीं आज्ञेंतच द्यावी. मध्यंतरीं सर्व्हरवरील फाइल बदलली असेल, तर जुन्या तुकड्यास नवी शेपटी जोडली जाते आणि संपूर्ण दिसणारी वस्तु निकामी निघते. यास्तव फाइल पुरी होतांच ‘शा-२५६’ हा पडताळा प्रसिद्ध केलेल्या अंकाशीं जुळवून पाहावा. किराणा घरीं आल्यावर यादी ताडून पाहणाऱ्या गृहिणीस हा नियम नव्यानें शिकवावयास नको!